एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली गाडी

कराड

कराडच्या फलाटावर एक गाडी थांबते, तिच्या डब्यांवर ‘गोंदिया’ अशी पाटी असते. लहानपणापासून मी ती वाचत आलो. त्या गाडीतून आमच्यापैकी कुणी पुण्यापर्यंत गेलं, कुणी नागपूरपर्यंत. गोंदियापर्यंत गेलेला माणूस मला कधी भेटला नव्हता. जानेवारीत मी गेलो, तो गाव पाहायला नव्हे, एक जुनी मोटार विकत घ्यायला.

माझं चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यभर मी एकच छोटी गाडी चालवली. चढ आला की एसी बंद करायचा, असली. दहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईक डॉक्टरांनी मला त्यांच्या मोटारीतून साताऱ्याला नेलं. बाहेरून साधी चार दारांची पांढरी गाडी. उंब्रजच्या पुढं रस्ता मोकळा झाला, त्यांनी पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली.  डॉक्टर हसून म्हणाले, “टर्बो आहे.” त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. तसली नवी गाडी घेणं मला या जन्मात शक्य नव्हतं. पण बारा-तेरा वर्षं वापरलेल्या गाड्या आवाक्यात येतात, असं कळलं आणि मी रोज मोबाईलवर जाहिराती बघायला लागलो.

गोंदियाची जाहिरात वेगळी होती. फोटो धड नव्हते, पण खाली लिहिलं होतं: ‘एक लाख ब्याण्णव हजार चालली आहे. ऑइल पिते. बाकी सर्व ठीक. माणूस पाहून देणार.’ 

माझा शाळेपासूनचा मित्र संजय टायरचं दुकान चालवतो आणि गाड्यांमधलं आपल्यालाच कळतं असं मानतो. तो जाहिरात वाचून म्हणाला, “दत्ता, जो एवढं खरं लिहितो ना, तो काहीतरी मोठं लपवतोय. गेलास तर एक कर. खिशात मोबाईल चालू ठेव, म्हातारा काय बोलतो ते सगळं रेकॉर्ड कर. उद्या पलटला तर पुरावा.”

बायकोला मी सांगितलं, नागपूरला फ्रेमच्या व्यापाऱ्यांचं प्रदर्शन आहे. 

गोंदिया

गोंदियात उतरल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आपण महाराष्ट्रात आहोत हे आपल्यालाच स्वतःला सांगावं लागतं. मी मराठीत विचारायचं, समोरच्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटायचं नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, “लॉजवर सोडा बरं एखाद्या.” तो म्हणाला, “बैठो न भाऊ, छोड देता.” 

सकाळी पोहे मागवले. आमच्याकडं पोह्यावर खोबरं आणि लिंबू. इथं माणसानं पोह्याच्या ढिगावर लालभडक तर्रीचा डाव ओतला आणि वर शेव टाकली. मी थांबवायला हात पुढं केला तोवर उशीर झाला होता. खाल्ले, आणि आणखी एक प्लेट घेतली. गावात राईस मिलांचा कोंड्याचा वास सगळीकडं होता. कराडला गुऱ्हाळांच्या दिवसांत जसा वास घरात शिरतो, तसाच. पण तो गोड, हा कोरडा, घशात बसणारा.

मुर्री

मुर्री हे गोंदियाला चिकटूनच असलेलं गाव. शहर संपलं असं वाटेपर्यंत गाव येतंच. घरांच्या मागं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कापणी झालेल्या. खुंटांमधून लाखोरीचं कडधान्य हिरवं उगवलेलं. आमच्याकडच्या उसानं भरलेल्या शिवाराची सवय असलेल्या डोळ्याला ते उघडं, रिकामं वाटत होतं.

मोहन कटरे दारातच उभे होते. वय चौसष्ट. उंच, ताठ, स्वच्छ पांढरा शर्ट. चाळीस वर्षं राईस मिलच्या यंत्रांची दुरुस्ती करत ते गोंदिया, बालाघाट, रायपूर असे फिरले होते. रायपूरच्या एका डॉक्टरकडून ही मोटार त्यांनी घेतली, तेव्हा ती तीस हजार चालली होती. बाकीचं सगळं अंतर त्यांचं.

“या जी, या. कराडवरून आले न तुमी? बापा, लय दूर हाय.”

त्यांनी हात पुढं केला तो माझ्या हाताच्या एक वीत डावीकडं. मग त्यांनी मान किंचित वळवली, मला नजरेत पकडलं आणि हात बरोबर आला. मी पंचवीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. आत जाऊन बसेपर्यंत मला कळलं होतं. समोरचं थोडंसं दिसत होतं, बाजूचं सगळं गेलेलं. काचबिंदू. नळीतून पाहिल्यासारखं दिसतं अशा माणसाला. 

त्यांची बायको शांताबाई. ठेंगणी, मोठ्या आवाजाची. दोघं आपसात त्यांच्या पोवारी बोलीत बोलायचे. त्यातलं मला निम्मं कळायचं, निम्मं माळव्याकडचं काहीतरी वाटायचं. शेकडो वर्षांमागं आमचे लोक तिकडून आले, असं कटरे म्हणाले, गेल्या महिन्यात आल्यासारखं.

गाडी पत्र्याच्या छपराखाली, भाताच्या तणसाच्या ढिगाशेजारी उभी होती. पांढरी. रंग ठिकठिकाणी विटलेला, पुढच्या बंपरला एक चीर. पण काचा लख्ख, आणि सीटच्या शिवणी जागच्या जागी. कटऱ्यांनी बॉनेट चाचपून उघडलं आणि मला म्हणाले, “चालू करा. पाय देऊ नोका.” 

मी किल्ली फिरवली. ते इंजिनावर वाकून डोळे मिटून उभे राहिले. मिनिटभर. मग म्हणाले, “चार महिने झाले, हप्त्यातून एकदा चालू करून राहिलो. रस्त्यावर नाही नेलो. आवाज चांगला हाय न?”

मला काय कळणार? मी म्हटलं, “चांगला आहे.” खिशातला मोबाईल रेकॉर्ड करत होता.

मग ते बोलायला लागले. एक एक गोष्ट सावकाश, मास्तरांनी शिकवल्यासारखी. टायमिंगचा बेल्ट कधी बदलला, क्लच कधी बदलला, मागचं डावं बेअरिंग कुठं वाजतं. मध्येच मी गाडीच्या आत वाकून काहीतरी बघत होतो, मध्येच “हो, हो” म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला ती गाडी चालवायची घाई झाली होती.

आम्ही फुलचूरपर्यंत जाऊन आलो. मी चालवत होतो, ते शेजारी. “आता डावीकडं खड्डा येते. धरा उजवीकडं.” खड्डा आला. “म्होरं शाळा, हळू करा.” शाळा आली. रस्ता त्यांना दिसत नव्हता, पाठ होता. मी एकदा पाय दाबायला गेलो तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “थंडी हाय अजून. गरम होऊ द्या, मंग दाबजा. कायले घाई करता?” परत येताना एका मोकळ्या पट्ट्यावर तेच म्हणाले, “आता द्या.” मी दिला. पाठ सीटला चिकटली. त्या गृहस्थांनी खिडकीकडं तोंड केलं होतं. तिथं त्यांना काय दिसत असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

जेवायला शांताबाईंनी बसवलंच. भाताचा डोंगर, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. “सांभारवडी घ्या न जी,” म्हणाल्या. मी डोसा-इडलीच्या सांबाराची वाट बघत बसलो आणि ताटात कोथिंबीर भरलेली खुसखुशीत वडी आली. कोथिंबिरीलाच इकडं सांभार म्हणतात हे कळल्यावर तिघंही हसलो. पोळी नव्हती. मी विचारलं तर शांताबाईंना वाईट वाटलं. “पोळी पायजे होती का? सांगतले काऊन नाही?” आणि त्या उठून कणीक मळायला लागल्या. मी नको नको म्हणत असताना दोन पोळ्या माझ्या ताटात पडल्या.

जेवण झालं आणि किमतीचं बोलणं निघालं. त्यांनी सव्वाचार लाख सांगितले. मी तीन म्हटलं. ते हसले. “नाही जी. इतक्यात तं इंजिनबी नाही येत.” मी फाटलेला बंपर काढला, रंग काढला, किलोमीटर काढले. ते फारसे हलेनात. तीन नव्वदवर येऊन थांबले.

मग मी ते केलं. 

“काका,” मी म्हटलं, “तुम्हाला काचबिंदू आहे ना? बाजूचं काही दिसत नाही. माझा धंदाच तो आहे, मला कळतं. हे परत येत नाही. ही गाडी तुम्ही आता चालवू शकणार नाही. इथं छपराखाली उभी राहून सहा महिन्यांत ती तशीही मरणार. मी कराडवरून आलोय. इतक्या लांबून दुसरा कोण येणार आहे?”

शांताबाई ताटं उचलत होत्या, त्या थांबल्या.  कटऱ्यांना हे डॉक्टरांनी सांगितलं असणार, पण आपल्याच घरात, आपलं जेवण जेवलेल्या माणसानं, भाव पाडायला सांगितलं नसणार.

“गाडी पाहाले आले होते का डोरे पाहाले?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग म्हणाले, “घेऊन जा. तीन दहा द्या.”

मी बँकेतून पैसे पाठवले. शांताबाईंनी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला, त्यांनी आकडा पाहिला. हस्तांतराच्या फॉर्मवर सह्या झाल्या. निघताना त्यांनी परत काहीतरी समजावलं, मी परत “हो, हो” म्हटलं. रेकॉर्डिंग मी तेव्हाच बंद केलं आणि संजयला फोन लावला. “तीन दहा,” मी म्हटलं. संजय ओरडला, “मर्दा! वाघ आहेस!” लॉजवर पोचेपर्यंत मीही तसंच समजत होतो.

देवरी

कराड गोंदियाच्या पश्चिमेला. मी सकाळी निघालो पूर्वेला. आमगाव करून देवरी, आणि तिथून छत्तीसगडच्या सीमेकडं जाणारा चौपदरी रस्ता. लॉजच्या माणसानं सांगितलं होतं, जंगलातून जातो, सकाळी मोकळा असतो. शंभर किलोमीटर उलटं जाऊन यायचं, गाडी काय आहे ते एकदा बघायचं आणि मग घरची वाट धरायची, असा बेत. 

आमगावपर्यंत धुकं होतं. बांधांवर बगळे उभे, तळ्यांवर वाफ. या भागात गावागावाला जुनी तळी आहेत, पूर्वीच्या लोकांनी हातानं बांध घालून केलेली. आमच्याकडं धरणं सरकार बांधतं आणि लोक भांडतात. इथं शांत पाणी पसरलेलं होतं आणि एक माणूस गुडघाभर पाण्यात जाळं उकलत उभा होता. मी थांबून फोटो काढला. गाडीचाही काढला, तळं मागं घेऊन. 

देवरीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना साग आणि मोहाची झाडं, मधून काळा, रुंद, रिकामा रस्ता. मी पाय दाबला.

त्या पंधरा मिनिटांबद्दल मी खोटं बोलणार नाही. माझ्या सत्तेचाळीस वर्षांत इतका आनंद मला फार कमी वेळा झाला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी उचलायची की मी मोठ्यानं हसत होतो, एकटाच. काटा मी आयुष्यात पाहिला नव्हता तिथं गेला. ट्रक मागं पडत होते, झाडं एकमेकांत मिसळत होती. एका लांब वळणावर समोरच्या पॅनेलवर लाल रंगाचं किटलीसारखं चिन्ह लागलं आणि वळण संपल्यावर विझलं. पुढच्या वळणावर परत लागलं. जुन्या गाडीची वायर सैल असेल, असं मी ठरवलं. माझ्याकडं दुसरं काही ठरवायला वेळ नव्हता.

चढावर आवाज आला. टक, टक, टक. कुणी आतून हातोडीनं मारतंय तसा. मी पाय काढला. आवाज वाढला. मग एक मोठा दणका, आणि स्टिअरिंग जड झालं. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. बॉनेटमधून निळसर धूर. सगळीकडं एकदम शांत. जंगलात कुठलातरी पक्षी ओरडत होता, तो आधीपासूनच ओरडत असणार.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून गाडी देवरीला आणली. गॅरेज मडावी नावाच्या मेकॅनिकचं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं ऑइलची दांडी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. मला दाखवली. कोरडी.

“साहेब, याच्यात ऑइल कुठं हाय?”

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. म्हाताऱ्यानं फसवलं. संजय म्हणत होता तेच. मी तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं, आणि गॅरेज, चहाची टपरी, बसची वाट बघणारे मिळून दहा-पंधरा माणसं जमली होती. मुर्रीचा एक कटरे म्हणून आहे, आंधळा आहे, त्यानं इंजिन मेलेली गाडी माझ्या गळ्यात बांधली. ऑइल काढून घेतलं. गोड बोलून, जेवायला घालून लुटलं. मग सगळ्यांसमोर फोन लावला आणि ओरडलो. काय बोललो ते लिहवत नाही. ‘चोर’ हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

 पलीकडून कटऱ्यांचा आवाज आला. “कुठं हा तुमी?”

“देवरीला.”

“थांबा. येतो.”

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. चार तास गेले. मी टपरीवर चहा पीत तीच हकिकत नव्या माणसांना सांगत होतो, दर वेळी जरा वाढवून. दुपारी बस थांबली आणि आधी शांताबाई उतरल्या, मग त्यांचा हात धरून, पायरी पायानं शोधत, कटरे. त्यांनी तोच पांढरा शर्ट घातला होता. 

माणसं परत गोळा झाली. मी वाटच बघत होतो. “मडावीभाऊ,” मी म्हटलं, “हे काय म्हणाले होते ते सगळ्यांना ऐकवतो. माझ्याकडं पुरावा आहे.” आणि मोबाईलचा आवाज पूर्ण मोठा करून रेकॉर्डिंग लावलं. मी ते स्वतः एकदाही ऐकलेलं नव्हतं.

कटऱ्यांचा आवाज आला, सावकाश, स्पष्ट:

“…आणि हे नीट ऐका भाऊ. हे इंजिन ऑइल पिते. हजार किलोमीटरले लीटरभर. आता लेव्हल खाली हाय, माह्याजवळचा डबा सरला. बजारात दुकान हाय, आज बंद, उद्या दहा वाजता उघडते, नाव सांगतो तेच ऑइल घ्या. ते टाकल्याबिगर हायवेले नोका नेऊ. लाल किटली लागली तं जिथं असान तिथं बंद करजा. इंजिन जाईन.”

मग माझा आवाज. “हो काका, हो, हो. कळलं. बरं, टेप चालतो का हा?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. निघतानाचंही त्यात होतं. “ऑइल इसरू नोका भाऊ,” आणि परत माझं “हो, हो”. मी मोबाईल बंद करायला गेलो तर बोटांना बटण सापडेना.

कटरे माझ्याकडं वळलेही नाहीत. त्यांनी चाचपत बॉनेटपर्यंत जाऊन इंजिनावर तळवा ठेवला. “मडावीभाऊ, अर्धा सेकंद सेल्फ मारा.” मडावीनं मारला. एक करकर, एक ठोका, बंद.

“कनेक्टिंगचा दांडा गेला,” कटरे म्हणाले. “क्रँकबी गेला असन. इंजिन सरलं.” मडावीनं मान हलवली आणि मग त्यांना ती दिसणार नाही हे लक्षात येऊन तोंडानं म्हणाला, “हाव सर.”

ते तिथंच पडलेल्या एका टायरवर बसले. “रायपूरले महिन्यातून दोनदा गेलो या गाडीनं. पानीपावसात. एकदाबी रस्त्यावर उभी नाही राहिली.” हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नाही.

शांताबाई मात्र माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पर्समधून एक चेक काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. माझं नाव, तीन लाख दहा हजार, पूर्ण रक्कम. अक्षर त्यांचं. खालची सही कटऱ्यांची, ओळ सोडून खाली उतरत गेलेली.

“फोन आला न, हे म्हनाले, आपलीच काही चूक असन. इतक्या दुरून आला मानूस. पैसे वापस देऊन देऊ. म्हनून लिहून आनलो होतो.” त्यांनी चेकचे चार तुकडे केले, ते खाली टाकले नाहीत, पर्समध्येच ठेवले. “आमी दोन बस बदलून आलो. ह्यायले बसची पायरी दिसत नाही. तुमी चोर म्हनले. या सगळ्यायच्या समोर म्हनले न? आता यायच्याच समोर सांगा, चोर नाही म्हनून.”

माझ्या तोंडातून निघालं, “गैरसमज झाला, काकू.”

“गैरसमज नाही. सांगा.”

दहा-पंधरा माणसं बघत होती. ज्यांना मी सकाळपासून गोष्ट सांगितली होती तीच. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, “असं काही नाही हो, रागाच्या भरात…” आणि थांबलो. माझ्या जिभेवर काहीतरी बसलं होतं. त्याला लाज म्हणतात असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण लाज नव्हती. लाज असती तर तिनं बोलू दिलं असतं. तो माज होता, त्या अवस्थेतही शिल्लक राहिलेला.

कटरे उठले. “चल शांता. आमगावची बस येईन.”

“थांबा न जरा. बोलू द्या त्याले.”

“नाही बोलत तो,” कटरे म्हणाले. “चल.”

बस आली. शांताबाईंनी आधी त्यांचा पाय पायरीवर ठेवून दिला, मग स्वतः चढल्या. मी मदत करायला पुढं झालो तर कंडक्टरनं माझ्या हाताकडं बघितलं, आणि मी हात मागं घेतला. तोही बहुतेक ऐकून होता. 

परत

गाडी मी मडावीला भंगाराच्या भावात दिली. त्यानं घासाघीस केली नाही, मीही केली नाही. कागद त्याच्या हातात देताना मी म्हटलं, “कटऱ्यांना फोन करून सांगा, माझं चुकलं म्हणून.” तो हात पुसत म्हणाला, “निरोप माह्याजवळ काऊन देता? नंबर हाय न तुमच्याजवळ.”

नंबर होता. गोंदियाच्या स्टेशनवर तीन तास बसलो. एकदा लावलाही, एक रिंग झाली आणि कापला. त्यांनी परत केला नाही. करतील कशाला?

घरी पोचलो तेव्हा बायकोला पैशांचं कळलेलं होतं. बँकेचा मेसेज तिच्या मोबाईलवरही जातो हे मी विसरलो होतो. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, “काय झालं नक्की?” आणि मी म्हणालो, “फसवलं गं त्यांनी.” एवढंच. तिला माझी दया आली. रात्री जेवताना तिनं मला आवडतं म्हणून पिठलं केलं होतं. ते मी खाल्लं.

संजयनं बाकीचं काम केलं. त्याच्या टायरच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, दत्ताला गोंदियात आंधळ्यानं गंडवलं. माणसं माझ्या दुकानात येऊन हळहळतात. मी मान हलवतो. त्या मान हलवण्याची आता इतकी सवय झाली आहे, की कधीकधी मलाच ते खरं वाटतं. मुर्रीतलं घर, देवरीतली माणसं, सगळं मी मनातल्या मनात थोडं थोडं सरकवत नेलं. महिनाभरात ते रेकॉर्डिंगसुद्धा मोबाईलमधून काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, वाचायच्या चष्म्यासाठी. त्यांच्या मुलीला कृषी खात्यात नोकरी लागली आहे. पहिलीच नेमणूक गोंदिया जिल्ह्यात. घर सोडून ती कधी राहिलेली नाही. गृहस्थ काळजीत होते.

“तुम्ही जाऊन आलात म्हणे तिकडं,” ते म्हणाले. “संजयशेठनी सांगितलं तुमचं. कशी आहेत हो माणसं?”

मी त्यांच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होतो. मान वर केली नाही.

“आता पोरीला सांगून ठेवलंय,” ते म्हणाले, “तिकडं गोड बोलणाऱ्या कुणावर विसंबू नको. बरोबर सांगितलं ना?”

“हं,” मी म्हणालो.

ते समाधानानं गेले. त्यांच्या मागं दार लागल्यावर मी शटर ओढलं आणि हे लिहायला बसलो. त्यांचा चष्मा उद्या, मंगळवारी तयार होईल. न्यायला आले की हे सगळं त्यांना तोंडानं सांगायचं, असं ठरवलं आहे. मुलगी रविवारच्या गाडीनं गेलीसुद्धा.